फेसवॉश स्वस्तातला चालेल, सनस्क्रीन लावताना मात्र हात आखडू नका

मेकअप आणि स्किनकेअरचं सामान महागडं घ्यावं की साधं, हा प्रश्न पर्वरीच्या मॉलमधल्या चकाचक काउंटरवर पडतो तसाच गावच्या फार्मसीतही पडतो, आणि बहुतेक वेळा आपण किमतीवरूनच ठरवून मोकळे होतो की महाग आहे म्हणजे चांगलंच असणार. मी म्हणेन की किंमत जरा बाजूला ठेवा आणि आधी हे बघा की ती वस्तू त्वचेवर किती वेळ राहणार आहे, आणि ती नीट बनवणं खरंच कठीण आहे का.

फेसवॉशचंच घ्या. चेहऱ्यावर जेमतेम मिनिटभर असतो, मग गेला मोरीत. त्यात मोती घाला, सोनं घाला, व्हिटॅमिन घाला, एवढ्या वेळात त्यातलं काय मुरणार? त्याचं काम घाम, तेल आणि सनस्क्रीन काढण्याचं, आणि ते सर्फॅक्टंट नावाचे रेणू करतात, ज्यांचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणून साबणाने तोंड धुतलं की कातडी ताणल्यासारखी वाटते. साबण नसलेला सौम्य फेसवॉश घ्या, तो कमी पैशात मिळतो, इथे वाचवा आणि पुढे चला.

मॉइश्चरायझरचं गणितही फार अवघड नाही. ग्लिसरीनसारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात, तेलं आणि बटर त्वचा मऊ करतात, आणि पेट्रोलियम जेलीसारखे पदार्थ वरून झाकण घालून पाणी उडू देत नाहीत. व्हॅसलिनचं पेटंट १८७२ सालचं आहे, आणि अजूनही पाणी अडवण्यात पेट्रोलियम जेलीच्या पुढे जाणारं फारसं काही नाही. त्यात आपल्या गोव्यात पावसाळ्यात हवाच इतकी दमट की जाड क्रीम लावलं तर चेहरा नुसता चिकचिक करतो, तेव्हा इथे हलकं जेल किंवा साधं लोशन पुरतं.

हिवाळ्यात टाचांना भेगा पडल्या की आमच्या घरी भिरंडेल निघतं, म्हणजे भिरंडांच्या, कोकमाच्या, बियांचं तेल, पिवळट पांढरा कडक गोळा. कोकम बटर लिहिलेल्या महागड्या डबीत तेच असतं, सुगंध आणि पॅकिंग तेवढं वेगळं. ते साधारण ४० अंशांना वितळतं, म्हणून डब्यात कडक राहतं आणि बोटांनी नुसतं चोळून पातळ होत नाही, वाटीत किंचित गरम करून भेगेत भरायचं, मग ते तिथेच घट्ट होऊन बसतं आणि रात्रभर पाणी उडू देत नाही. टाचांसाठी मी तरी डबीला पैसे देणार नाही.

आता सिरम आणि अँटी-एजिंग क्रीम, जिथे सगळ्यात जास्त पैसे जातात. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकासुद्धा जाड नसेल, पण भलताच चिवट असतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू त्यातून सहसा आत जात नाही, असा एक ढोबळ नियम आहे. कोलॅजनचा रेणू असतो तीन लाख डाल्टनच्या आसपास! म्हणजे कोलॅजनचं क्रीम कितीही हजारांचं असलं तरी ते वरच बसणार आणि मॉइश्चरायझरचंच काम करणार. उलट नायसिनामाइड, म्हणजे बी-३ व्हिटॅमिनचं एक रूप, १२२ डाल्टनचं, आत जातं, टिकाऊ आहे, कच्चा माल स्वस्त आहे, त्यामुळे ५ टक्क्यांचं साधं सिरमही काम करतं. इथे ब्रँडला जास्तीचे पैसे देण्यात काही अर्थ नाही.

व्हिटॅमिन सी मात्र खरंच नखरेल. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड त्वचेत जायला पीएच साडेतीनच्या खाली हवा आणि प्रमाण १० ते २० टक्के, वर हवा, उजेड आणि उष्णता लागली की ते खराब होत जातं. त्यामुळे चांगलं फॉर्म्युलेशन, गडद बाटली आणि हवाबंद पंप याला पैसे द्यावे लागतात आणि ते द्यायला हरकत नाही, पण मग ती बाटली सांभाळायची तयारीही हवी. माझ्या मावसबहिणीने म्हापशाच्या घरात बाथरूमच्या खिडकीत ठेवलेली बाटली मे महिन्यात बघता बघता कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, आणि ती तरीही रोज लावत होती कारण महागाची होती. रंग असा गेला की टाकून द्यायची. गोव्यात राहून हे घ्यायचंच असेल तर सगळ्यात लहान बाटली घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा.

सुरकुत्यांवर सगळ्यात जास्त पुरावा आहे तो ट्रेटिनोइनला, आणि ते काही लक्झरी ब्रँडचं नाही, अमेरिकेत १९७१ पासून मुरुमांचं मान्य औषध आहे. ट्यूब बऱ्याच फॅन्सी क्रीमपेक्षा स्वस्त पडते, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही आणि गरोदरपणात तर नाहीच नाही. सिरमवर दोन हजार घालण्यापेक्षा एकदा त्वचेच्या डॉक्टरांची फी भरा.

आणि एका ठिकाणी पैसे वाचवणं खरंच धोक्याचं आहे. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आयात नोंदणीचा नंबर नाही अशी गोरं करणारी क्रीमं. त्यात पारा असू शकतो किंवा स्टेरॉइड. २०२३ साली केरळात मलप्पुरमच्या भागात किडनीचे रुग्ण सापडले आणि धागा जाऊन पोचला अशाच क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत. स्टेरॉइडने सुरुवातीला चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, आणि बंद केलं की जास्तच बिघडतं. कुणी कितीही प्रेमाने आणून दिलं तरी लावू नका, ही माझी अगदी मनापासून विनंती आहे.

सनस्क्रीनवर जरा थांबूया, कारण आपल्याकडे हीच सगळ्यात महत्त्वाची वस्तू. गोवा विषुववृत्तापासून साधारण १५ अंशांवर, एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांची तीव्रता, ११ च्या पुढे जाऊ शकतो. ढग असले तरी या किरणांचा बराच भाग खाली येतो, आणि त्यातला यूव्हीए हा प्रकार तर बसच्या काचेतूनही येतो. डब्यावरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा, मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी, म्हणजे ५० लिहिलेल्या ट्यूबमधून ५० मिळतच नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून, म्हणजे साधारण सव्वा मिलिलिटर लागतं. ५० मिलिलिटरच्या ट्यूबमधून ४० वेळा. ४०० ची ट्यूब असेल तर दर वेळी १० रुपये, २००० ची असेल तर ५०, आणि पेडण्याहून पणजीला रोज स्कूटरने येणाऱ्या बाईला दुपारी पुन्हा लावायचंय, तर दिवसाचे १०० झाले. मग काय होतं, महाग आहे म्हणून चिमूटभर लावतो आणि पैसे आणि त्वचा दोन्ही जातात. दोन बोटं भरून लावताना जीव वर-खाली होणार नाही अशी ट्यूब घ्या. ऑस्ट्रेलियात नॅम्बूर इथे ९०० हून जास्त लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं वय वाढणं २४ टक्के कमी दिसलं, आणि तिथे वापरलेलं सनस्क्रीन होतं एसपीएफ १५ च्या वर्गातलं.

वांग असेल तर मात्र थोडे जास्त पैसे घाला आणि रंग असलेलं सनस्क्रीन घ्या, कारण आपल्या सावळ्या त्वचेला नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही डाग पडतात आणि तो अडवायला त्यातलं आयर्न ऑक्साइड लागतं. नुसत्या झिंक ऑक्साइडचं घेतलं तर जत्रेच्या नाटकात सफेदा लावल्यासारखा चेहरा दिसतो, आणि मग कोणी परत लावत नाही.

मेकअपमध्ये मस्कारा स्वस्तातला घ्या, कारण ब्रश डोळ्याला लागून परत ओल्या नळीत जातो, जंतू वाढतात आणि तीनेक महिन्यांत तो टाकायचाच असतो. लिपस्टिक म्हणजे मेण, एरंडेल आणि रंग, साधीही छान असते. पैसे घालायचे तर फाउंडेशनवर, दिवसभर तोंडावर राहतं आणि आपल्या रंगाशी जुळणारी शेड बनवायला लाल, पिवळ्या, काळ्या ऑक्साइडचं प्रमाण नेमकं बसावं लागतं, पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड जास्त झालं की चेहरा राखाडी. ते विकत घेताना काउंटरच्या दिव्यात ठरवू नका, जबड्याच्या कडेला थोडं लावून बाहेर उन्हात या, बाजारात एक फेरी मारा, घाम येऊ दे, आणि अर्ध्या तासाने आरशात बघून मग पैसे द्या.