डोहाकाठची नोंदवही

कर्नाटकात कावेरीच्या काठी, शिवनसमुद्रचा धबधबा आणि मेकेदाटूची घळ यांच्यामधल्या जंगलात गलिबोर नावाची जागा आहे. गळाने मासे धरण्याचा नाद असलेल्या देशोदेशीच्या माणसांना हे नाव ठाऊक आहे. वरच्या अंगाला दोड्डमक्कळी, मग भीमेश्वरी आणि त्याखाली गलिबोर, असे तिथे तीन कॅम्प होते आणि तिन्हीकडे माणसं एकाच माशासाठी यायची, महाशीरसाठी. नियम कडक होता. मासा गळाला लागला की त्याचं वजन करायचं, फोटो काढायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. किती तास गळ टाकून बसलो, काय लागलं, किती वजनाचं, हे कॅम्पवरच्या वहीत लिहून ठेवायचं.

ही वही लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात विज्ञान असेल. हौस म्हणून, आठवण म्हणून, थोडं मिरवायला म्हणूनही लिहिलं असेल. तरी दक्षिण भारतातल्या एका मोठ्या माशाचं काय होत चाललंय, हे पहिल्यांदा कळलं ते या नोंदींतूनच. गरवायच्या, म्हणजे गळाने मासे धरायच्या, आवडत्या जागा का जपायच्या, या प्रश्नाचं इतकं ठोस उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

मुळात जागा आवडती ठरते कशी? नदीवर गरवणारा मुरलेला माणूस कुठेही गळ टाकत नाही. खळाळ संपून पाणी डोहात शिरतं ते तोंड, पात्रातल्या मोठ्या धोंड्यामागचा शांत पट्टा, ओढा नदीला मिळतो तो कोपरा, अशा मोजक्या जागा तो धरून असतो. पिढ्यान्‌पिढ्या पाहून आलेलं हे शहाणपण आहे आणि त्यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे.

खडकांवरून आपटत येणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, म्हणून खळाळाच्या पायथ्याशी प्राणवायू भरपूर असतो. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. हा फरक आपल्याला किरकोळ वाटेल. पण उन्हात माशाचं शरीरही तापतं, त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी पुरवठा घटतो. मार्च ते मे या काळात नदीची धार बारीक होते, उथळ पाणी कोमट होतं आणि मोठे मासे खोल, थंड डोहांत गोळा होतात. म्हणजे उन्हाळ्यात लांबच लांब नदीतले मासे मोजक्या डोहांच्या आधाराने जगत असतात. एका डोहात कुणी सुरुंगाची कांडी फोडली किंवा विष कालवलं, तर कित्येक मैलांच्या पात्रातली माशांची वीण एका दुपारी संपते. गरवण्याची सगळ्यात चांगली जागा हीच नदीची सगळ्यात नाजूक जागाही असते.

धोंड्यामागच्या पट्ट्याचं कारण वेगळं. वाहत्या पाण्यात जागेवर टिकून राहायला माशाला सतत पोहावं लागतं. सोसाट्याच्या वाऱ्यात आपण भिंतीच्या आडोशाला उभे राहतो, तसा मासा दगडाच्या मागे राहतो. तिथे वेग कमी, म्हणून श्रम कमी, आणि शेजारूनच धावणारा प्रवाह किडे, फळं, बिया घेऊन येत असतो. तोंड प्रवाहाकडे करून थांबायचं, काही आलं की बाजूला झेप घ्यायची आणि परत आडोशाला यायचं. मोठा मासा त्यातली उत्तम जागा पटकावतो. तो गेला की काही काळाने दुसरा मोठा मासा तिथेच येतो, म्हणून एकाच दगडाजवळ वर्षानुवर्षं मोठे मासे लागत राहतात.

आता महाशीरकडे जवळून पाहू. हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, पण डोंगरी नद्यांतला मासा. अंगावर ढालीसारखे मोठे खवले, जाड मांसल ओठ आणि तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या. जबडा उघडून पाहिला तर आत एकही दात दिसत नाही. दात आहेत ते घशात, कल्ल्यांच्या मागे, तीन ओळींत. खेकडा, शिंपला, गोगलगाय, कठीण कवचाचं फळ, जे येईल ते महाशीर ओठांनी ओढून घेतो आणि घशात चुरडतो. त्या घशाच्या दाबाने जाड लोखंडी गळ वाकल्याच्या कथा सांगितल्या जातात आणि घशाची रचना पाहिली की त्यावर विश्वास बसतो. पण कावेरीवर आमिष काय, तर नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा घट्ट गोळा. मासा वास आणि चव यांवर चालतो आणि नाचणी त्या भागातलं रोजचं अन्न. गोल टोपलीच्या होडीतून हा गोळा खळाळाच्या तोंडाशी सोडायचा आणि दोरीवर बोट ठेवून बसायचं.

कावेरीच्या खोऱ्यातला महाशीर पाठीला उंच कुबड असलेला आणि नारिंगी पंखांचा. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातल्या एकाने 1946 साली कबिनी नदीत 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा महाशीर धरला. गळाने धरलेल्या महाशीरांचा तो विक्रम मानला जातो. असा मासा एकाच वर्षात वाढत नाही. महाशीर सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो आणि पावसाळ्यात स्वच्छ, वाहत्या, गोट्यांच्या तळाच्या पाण्यात चढून अंडी घालतो. इतके मोठे मासे एखाद्या नदीत आहेत याचा अर्थ त्या नदीचं पाणी, जंगल आणि अंडी घालायच्या जागा कित्येक वर्षं धड राहिल्या आहेत.

वहीकडे परत येतो. गलिबोरच्या 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी इंग्लंडच्या बोर्नमथ विद्यापीठातले एड्रियन पिंडर, केरळचे राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. 23 हजारांहून जास्त तासांचं गरवणं आणि सहा हजारांहून जास्त महाशीर, एक पौंडापासून 104 पौंडांपर्यंतचे. या आकड्यांत मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते तास, त्यातही हात रिकामे राहिलेले तास. नुसतं ‘यंदा चारशे मासे लागले’ असं म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही, कारण यंदा माणसंही दुप्पट आली असतील. दर तासाला किती मासे लागले हे काढलं, तरच दोन वर्षांची तुलना करता येते. मत्स्यशास्त्रात समुद्रातल्या ट्रॉलरपासून खाडीतल्या पागापर्यंत सगळीकडे हेच माप वापरतात. त्यासाठी काहीही न लागलेला दिवसही लिहून ठेवावा लागतो आणि माणसं नेमका तोच लिहायचा टाळतात. गलिबोरच्या वहीत तो होता.

हिशोब केल्यावर पहिली बातमी चांगली आली. तासामागे लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि सरासरी वजन उतरत होतं, म्हणजे लहान मासे पुष्कळ येत होते. पहाऱ्याचा उपयोग झाला होता. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही जणांनाच कॅम्पवर वाटाडे आणि राखणदार म्हणून काम मिळालं होतं आणि नदी त्यांच्या नजरेखाली सुधारत होती.

मग त्याच नोंदी माशाच्या जातीनुसार वेगळ्या केल्या आणि चित्र उलटं झालं. वाढत होता तो निळसर पंखांचा महाशीर. नारिंगी पंखांचा, कुबडाचा मूळ मासा वर्षागणिक कमी लागत होता. जे लागत होते ते मोठे, वयस्क. त्याची लहान पिल्लं जवळजवळ दिसतच नव्हती. म्हातारे उरले आणि पुढची पिढी नाही, असं लोकसंख्येचं चित्र कोणत्याही प्राण्यात दिसलं की अभ्यासकांच्या पोटात गोळा येतो. जुने फोटो चाळले तेव्हा कळलं की 1990च्या दशकाआधी निळ्या पंखांचा मासा तिथल्या फोटोंत नव्हताच. वहीत नुसतं ‘महाशीर, 12 पौंड’ एवढंच लिहिलं असतं, तर एक मासा संपत असताना दुसऱ्याच्या भरभराटीने आपण समाधानी राहिलो असतो.

हा निळ्या पंखांचा मासा कुठला? याचं उत्तर आपल्या लोणावळ्यापर्यंत येतं. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या वळवण तलावाजवळ 1970च्या दशकाच्या सुरुवातीला महाशीरची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. चिं. वि. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी हे काम उभं केलं. पक्व माद्यांची अंडी हाताने काढायची, नराचं वीर्य मिसळायचं आणि फलित अंडी सतत वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. महाशीरची अंडी तळाशी बसतात. पाणी साचलं तर ती गुदमरतात, बुरशी धरतात, म्हणून हे सगळं जिकिरीचं. देशात महाशीरच्या मोठ्या प्रमाणावरच्या पैदाशीची वाट या कामामुळे मोकळी झाली आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो मासा दख्खनचा, टॉर खुद्री. विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने 1839 साली पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं होतं. लोणावळ्याची पिल्लं अनेक राज्यांना दिली गेली आणि कर्नाटकातून ती कावेरीतही पोहोचली.

त्या काळी महाशीर म्हणजे महाशीर, एवढाच विचार होता. नदीत मासे घटले की आणून सोडायचे, यात कुणाला वावगं वाटलं नाही. पण सह्याद्रीत उगम पावलेल्या नद्या लाखो वर्षं वेगवेगळ्या खोऱ्यांत वाहत आल्या आहेत आणि प्रत्येक खोऱ्यातला मासा वेगळा घडत गेला आहे. बाहेरून आलेला जवळचा नातलग तेच अन्न खातो, अंडी घालायच्या त्याच जागा बळकावतो आणि संकर झाला तर मूळ वंशच पातळ होतो. सगळं खापर लोणावळ्याच्या पिल्लांवर फोडणं मात्र अन्यायाचं होईल. 1934 साली पूर्ण झालेल्या मेट्टूरसारख्या धरणांनी चढणीच्या वाटा तोडल्या, वाळू उपशाने तळ उखडला, सुरुंगांनी डोह रिकामे केले. त्यात ही आणखी एक भर पडली.

कुबडाच्या महाशीरचं दुर्दैव असं की, जगप्रसिद्ध असूनही त्याला शास्त्रीय नाव धड नव्हतं. साइक्सनेच शिरूरकडच्या घोड नदीतून वर्णन केलेल्या वेगळ्याच माशाचं नाव बरीच वर्षं त्याला चिकटलं होतं. नाव पक्कं नसलं की धोक्याच्या यादीत जातीची नोंद करता येत नाही. नोंद नाही म्हणजे संरक्षण मागायला कागद नाही. हा गुंता 2018 साली सुटला. कावेरी खोऱ्यातल्या मोयार नदीत या माशाचे जिवंत नमुने मिळाले. शरीराची मापं आणि डीएनए जुळवून पाहिल्यावर, केरळच्या पाम्बार नदीतून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी तो हाच, हे सिद्ध झालं. त्या अभ्यासात पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेतले नीलेश डहाणूकरही होते. त्याच वर्षी या माशाची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘अतिधोक्यात’ या वर्गात झाली.

दरम्यान 2012 साली कावेरी अभयारण्यातलं गरवणं बंद झालं. अभयारण्यात गळ टाकणं म्हणजे शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ लावला गेला. गळाने माशाला इजा होते, थकव्याने काही मासे सोडल्यावरही मरतात, हे खरं आहे आणि त्याकडे डोळेझाक करू नये. पण गरवणारे गेले तेव्हा त्यांच्याबरोबर वाटाड्यांचं काम गेलं, डोहावरची रोजची नजर गेली आणि वहीतली ओळही थांबली. जागा राखायच्या हेतूने जागेची माहिती देणारी एकमेव नोंद बंद पडावी, हा तोटा मला फार मोठा वाटतो.

नजर ठेवायला गळच लागतो असं मात्र नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. वरदायिनी देवीच्या या डोहात कुणी मासे मारत नाही. भाविक चुरमुरे टाकतात आणि हातभर महाशीर पायऱ्यांशी येतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे इथे महादेवाच्या देवळाखाली तसाच डोह आहे. श्रद्धेने राखलेल्या या जागा म्हणजे उन्हाळ्यात मासे तगून राहायची ठिकाणंच आहेत. धोका येतो तो वरून, कारखान्याच्या सांडपाण्यातून आणि आटलेल्या धारेतून. तो देवीच्या हद्दीपाशी थांबत नाही.

आपल्याकडे तलावावर, खाडीच्या तोंडाशी, धरणाखालच्या डोहात सुट्टीच्या दिवशी गरवायला बसणारे हजारो आहेत. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटोही असतात, पण बहुतेक फोटोंत मासा छातीशी धरलेला, पंख मिटलेले, बाजू अर्धी झाकलेली. तोच मासा ओल्या हाताने, पाण्याला लागून, कुशीवर धरला आणि पंख पसरलेले दिसतील असा एक फोटो काढला, तर जात ओळखता येते. त्याखाली जागा, तारीख, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बसलो आणि काय लागलं एवढं लिहावं. काही लागलं नाही, तर तेही तसंच लिहावं.