जुने बीळ की नवे?

वेल्सच्या किनाऱ्याजवळील स्कोमर बेटावर वसंताच्या सुरुवातीला मँक्स शिअरवॉटर हे सागरी पक्षी रात्रीच्या अंधारात उतरतात. 2018 च्या गणनेनुसार येथे त्यांच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या आहेत. अर्जेंटिनाच्या समुद्रावरून आलेल्या यातील बहुतेक जोड्या गवताखालच्या असंख्य बिळांतून गेल्या वर्षीचे आपलेच बीळ हुडकून काढतात. शेजारच्या स्कोखोम बेटावरून 1952 साली विमानाने बोस्टनला नेऊन सोडलेला असाच एक पक्षी अटलांटिक महासागर ओलांडून साडेबारा दिवसांत स्वतःच्या बिळात परतला होता.

या ओढीमागे सबळ कारण आहे. अंडे एकच, ते उबवायला सुमारे 51 दिवस आणि पिल्लू उडायला आणखी 70 दिवस लागतात. पाय शरीराच्या फार मागे असल्यामुळे हा पक्षी जमिनीवर जेमतेम सरपटतो आणि उघड्यावर मोठ्या कुरव पक्ष्यांच्या तावडीत सापडतो. गवताच्या मुळांनी बांधून ठेवलेल्या मातीत वर्षानुवर्षे टिकणारे तयार बीळ त्याला म्हणूनच मोलाचे वाटते.

नदीकाठच्या वाळूमिश्रित दरडीत वसाहत करणाऱ्या युरोपातील पाकोळ्यांचे गणित मात्र उलटे आहे. त्याही आफ्रिकेतून पुष्कळदा जुन्याच परिसरात येतात, पण जुने बीळ टाळून अर्धा-पाऊण मीटर लांबीचे नवे बीळ कोरणे अनेकदा पसंत करतात. पुराने दरड ढासळते, हे एक कारण. दुसरे कारण मला अधिक विलक्षण वाटते. घरट्यातील कचऱ्यावर वाढलेल्या पिसवा कोशात हिवाळा काढतात, वसंतात बाहेर पडून बिळाच्या तोंडाशी गर्दी करतात आणि पाहणीसाठी आलेल्या पाकोळीच्या अंगावर झेप घेतात. रक्तपिपासू भाडेकरूंनी भरलेल्या घरापेक्षा नव्या खोदकामाचे कष्ट परवडतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये या पाकोळ्यांसाठी बांधलेल्या कृत्रिम भिंतींतील बिळे विणीचा हंगाम संपल्यावर साफ करून त्यांत नवी वाळू भरतात.

नैसर्गिक काठावर हेच काम पूर करतो. तो जुनी बिळे वाहून नेतो आणि ताजी, उभी दरड उघडी पाडतो. महाराष्ट्रातील नद्यांच्या काठांतही पाकोळ्यांची एक जवळची जात अशीच बिळे कोरते, त्यामुळे काठ दगडांनी पक्के बांधून काढताना तिच्यासाठी मातीची काही उभी दरड मोकळी राखायला हवी.