माशांवरच्या ९६ तासांच्या चाचणीचा अहवाल परत का येतो

कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम ९ खाली नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्यांना गोड्या पाण्यातल्या माशांवरील तीव्र विषाक्ततेचा अहवाल जोडावा लागतो. पुष्कळांचे अडते ते इथेच. मासे मेले की जगले यावरून सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते तारखांवरून, आणि पाण्यात कीटकनाशक खरोखर किती होते याचा पुरावा नसल्यामुळे.

आधी एक घोटाळा दूर करू. महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या संमतीपत्रात 'शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत' अशी अट असते. ती बायोअसे चाचणी प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी, सांडपाण्यावर केलेली असते. ९६ तास दोन्हीकडे आहेत, म्हणून तोच कागद नोंदणीच्या फाइलीला लावणारे भेटतात. तो चालत नाही. इथे हवी आहे ओईसीडी (आर्थिक सहकार्य व विकास संघटना) मार्गदर्शिका २०३ प्रमाणे काढलेली एलसी५०, म्हणजे ९६ तासांत निम्मे मासे मारणारी तीव्रता (रसायनाचे पाण्यातले प्रमाण).

कोणाला लागते? ९(३) (नियमित नोंदणी), ९(३बी) (तात्पुरती), ९(४) (आधीच नोंदलेल्या कीटकनाशकासाठी) यांपैकी तुमचा प्रवर्ग कोणता, आणि माल टेक्निकल (मूळ रसायन) की फॉर्म्युलेशन (त्यापासून बनवलेले विक्रीचे मिश्रण), यावर मागणी बदलते. त्या प्रवर्गाची यादी आधी वाचा. न मागितलेली चाचणी करून घेणे म्हणजे पैसेही गेले आणि मासेही.

प्रयोगशाळेचे जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस) प्रमाणपत्र सगळे जण जोडतात, पण त्यातला स्कोप, म्हणजे ते कोणत्या चाचण्यांसाठी आहे, हे कोणी वाचत नाही. उंदरांवरच्या विषाक्ततेचे प्रमाणपत्र माशांना लागू होत नाही. जलचर आणि भूचर जीवांवरील पर्यावरणीय विषाक्तता हे क्षेत्र त्यात स्पष्ट लिहिलेले हवे, आणि प्रत्यक्ष प्रयोगाच्या तारखा प्रमाणपत्राच्या मुदतीत बसल्या पाहिजेत.

आता तारखांकडे वळू. अभ्यासाची सुरुवात म्हणजे स्टडी डायरेक्टरने (अभ्यासाची जबाबदारी असलेल्या शास्त्रज्ञाने) स्टडी प्लॅनवर सही केली तो दिवस. मासे टाकीत सोडले तो दिवस वेगळा. अभ्यास संपतो तो अंतिम अहवालावरील सहीच्या दिवशी, ९६ वा तास भरला त्या दिवशी नव्हे. आधी प्रयोग आणि मागाहून प्लॅनवर सही, असा क्रम दिसला की पुढचे पान कोणी उलटत नाही. नमुन्याच्या सीओएवरची (सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, म्हणजे विश्लेषणाचा दाखला) एक्स्पायरीही अशीच निसटते. बॅच नंबर, शुद्धता आणि प्रयोगाच्या शेवटच्या दिवसापर्यंत टिकणारी मुदत, हे तिन्ही हवेत, आणि सीओएवरचा बॅच नंबर अहवालातल्या बॅच नंबरशी अक्षरशः जुळायला हवा.

ज्या कागदाचा विचारच कोणी केलेला नसतो तो म्हणजे संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. 'मासेच तर आहेत' हे उत्तर चालत नाही, मासा पृष्ठवंशीय प्राणी आहे. मंजुरी प्रयोगाआधीची हवी आणि संख्या नीट मोजलेली हवी. पाच तीव्रता आणि एक कंट्रोल (रसायन न घातलेली टाकी), प्रत्येकी किमान ७ मासे, म्हणजे ४२. रसायन विरघळवायला सॉल्व्हंट वापरलात तर त्याचा वेगळा कंट्रोल धरून ४९. तीव्रता ठरवण्यासाठी आधी घेतलेल्या छोट्या चाचणीतले मासे यात येत नाहीत, आणि नेमके तेच अर्जात लिहायचे राहतात.

मासे रुळण्याचे सात दिवस ते आणल्या दिवसापासून मोजणे ही नेहमीची चूक. पहिले ४८ तास स्थिरावण्याचे, सात दिवस मोजायचे ते त्यानंतर. त्या सात दिवसांत मर्तुक ५ टक्क्यांच्या आत असेल तर बॅच घ्यायची. ५ ते १० टक्के असेल तर आणखी सात दिवस थांबायचे. १० च्या वर गेली तर पूर्ण बॅच बाद. ही मर्तुकीची वही अहवालात दिसली पाहिजे. ॲक्वेरियमच्या दुकानातून उचललेल्या झेब्राफिशचा (चाचणीत वापरला जाणारा छोटा मासा) पूर्वेतिहास कोणालाच सांगता येत नाही, म्हणून पैदास केंद्राची पावती जपून ठेवा.

पाण्याचे नियम साधे आहेत. पीएच ६ ते ८.५, कठीणपणा २५० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत, विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या किमान ६० टक्के, झेब्राफिशसाठी २१ ते २५ अंश. पण दख्खनच्या पठारावरचे बोअरचे पाणी अनेक ठिकाणी कठीणपणातच नापास होते, नळाच्या पाण्यातले क्लोरीन न काढल्यास कंट्रोलचेच मासे मरतात, आणि मे महिन्यात चिलर नसेल तर तापमानाचा तक्ता सगळे उघड करतो. दाटीचेही गणित घाला. ०.३ ग्रॅमचे १० मासे म्हणजे ३ ग्रॅम. पाणी न बदलता किंवा ठराविक वेळाने बदलून केलेल्या चाचणीत लिटरला ०.८ ग्रॅमची मर्यादा धरली तर पावणेचार लिटर किमान. दोन लिटरच्या बीकरमध्ये हे बसत नाही. चाचणीच्या किमान २४ तास आधीपासून खाणे बंद.

सगळ्यात जास्त अहवाल पडतात ते तीव्रतेच्या मोजणीवर. मार्गदर्शिका २०३ च्या २०१९ च्या दुरुस्तीपासून पाण्यातल्या तीव्रतेचे रासायनिक विश्लेषण सक्तीचे आहे. 'इतके मिलिग्रॅम टाकले' एवढ्याने भागत नाही, पाण्यात किती सापडले ते दाखवा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड काचेला, प्लॅस्टिकला, खुद्द माशालाही चिकटतात. काही रसायने उडून जातात, काही उजेडात विघटतात. मोजलेला आकडा ठरवलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त ढळला तर एलसी५० मोजलेल्या तीव्रतेवरच काढावी लागते. त्यामुळे विश्लेषण पद्धत आधी प्रमाणित करा, आणि सर्वांत कमी तीव्रताही तिला पकडता येते ना ते पाहा. मासे मेल्यावर हे सुचून उपयोग नाही. ढळ जास्त दिसली तर दर २४ तासांनी पाणी बदलण्याची किंवा वाहत्या पाण्याची पद्धत घ्या.

लागोपाठच्या दोन तीव्रतांमध्ये २.२ पटीहून जास्त अंतर नको. २.२ मिलिग्रॅमला सगळे जिवंत आणि ४.८४ ला सगळे मेलेले, मधे काही नाही, असे झाले तर घाबरू नका. दोन्हींचा भूमितीय मध्य, म्हणजे सुमारे ३.२६, अंदाज म्हणून देता येतो. १०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या लिमिट टेस्टमध्ये (त्या एकाच तीव्रतेच्या चाचणीत) एकही मासा मेला नाही तर पुढच्या पाच तीव्रता वाचतात. एक जरी मेला तरी पूर्ण चाचणी. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांहून जास्त मर्तुक झाली (दहाहून कमी मासे असतील तर एकाहून जास्त मेला) तर प्रयोगच रद्द. तिथे आकडेमोडीची मखलाशी करू नये.

आकडा फॉर्म्युलेशनचा की सक्रिय घटकाचा, तेही शेजारीच लिहा. वजनाने २० टक्के सक्रिय घटक असलेल्या मालाची १ मिलिग्रॅम प्रतिलिटर म्हणजे घटकाची ०.२. एककावाचून दिलेल्या आकड्यावर हमखास प्रश्न येतो.

त्रुटीचे पत्र आले तर लेटरहेडवर खुलासा लिहून पाठवू नका. अंतिम अहवालातली चूक स्टडी डायरेक्टरने कारण, सही आणि तारखेसह केलेल्या अमेंडमेंटनेच सुधारते. मूळ पान बदलून नवे लावले तर पहिल्या त्रुटीपेक्षा मोठी त्रुटी तीच ठरते.