युद्धजखमींचे वहन

जखमी सैनिकाला तो पडला त्या जागेवरून उचलून टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रियेपर्यंत आणि पुढे पुनर्वसनापर्यंत नेणारी लष्करी वैद्यकीय व्यवस्था. सैन्यात तिला ‘कॅज्युअल्टी इव्हॅक्युएशन’ म्हणतात. पुण्याचा तिच्याशी दुहेरी संबंध आहे. तिच्या एका अत्यंत लाजिरवाण्या अपयशात पुण्याचेच नाव असलेली डिव्हिजन होरपळली. आज याच शहरात तिचा शेवटचा टप्पा आहे.

फ्रेंच शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यांनी १७९२ पासून या व्यवस्थेचा पाया घातला. तोवर जखमींना बहुधा लढाई थांबेपर्यंत मैदानातच पडून राहावे लागे. लारे यांनी स्प्रिंग बसवलेल्या हलक्या घोडागाड्या लढाई चालू असतानाच पुढे आणल्या आणि हुद्दा न पाहता जखम पाहून उपचारांचा क्रम ठरवला. अमेरिकेतील यादवी युद्धात जोनाथन लेटरमन यांनी १८६२ मध्ये रुग्णगाड्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात दिल्या. ही सुधारणा कागदी वाटली, तरी तिच्यामुळेच गाड्या ऐन वेळी दुसऱ्या कामाला जुंपल्या जाणे थांबले. भारतीय फौजांत जखमी डोलीतून नेले जात.

एवढे सगळे ठाऊक असूनही पहिल्या महायुद्धात, नोव्हेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) अनर्थ घडला. बगदादजवळ टेसिफॉन येथे ब्रिटिश भारतीय सैन्याच्या सहाव्या पुणे डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक सैनिक हताहत झाले. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. जखमींना सामान वाहणाऱ्या बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्यांत घालून टायग्रिस नदीकाठी आणले गेले. मोडलेल्या हाडांना प्रत्येक खड्ड्याचा हिसका बसत होता. लारे यांच्या गाड्यांना सव्वाशे वर्षे होत आली होती! पुढे ‘मेजिदिए’ बोटीवर व तिला जोडलेल्या पडावांवर शेकडो जण दाटीवाटीने पडून, जवळपास दोन आठवड्यांनी बसऱ्याला पोहोचले. अनेकांच्या जखमांवरील पट्ट्या बदलल्या गेल्या नव्हत्या, हगवण पसरली होती. मेजर कार्टर या डॉक्टरांनी हे कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. १९१७ च्या चौकशी अहवालाने मात्र दोष सरकारवर ठेवला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दोष वाहकांचा वा डॉक्टरांचा नव्हता. पुरेशा बोटी, गाड्या व माणसे न देता फौज पुढे ढकलणाऱ्यांचा होता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात विमाने आली. ब्रह्मदेशच्या जंगलातून एप्रिल १९४४ मध्ये प्रथमच हेलिकॉप्टरने जखमी उचलले गेले. कोरियन युद्धात ही पद्धत रुळली. तेथे भारताची ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली काम करत होती. १९८४ पासून सियाचीनवर ‘चीता’ हेलिकॉप्टर हाच जखमींचा मुख्य आधार आहे. तिथली हवा इतकी विरळ, की त्यात मोजकेच वजन नेता येते.

वहन रुग्णालयाच्या दारात संपते, असे मानणे चुकीचे आहे. पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय-हात गमावलेल्या सैनिकांसाठी अवयव तयार करते. खडकीच्या क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये झाली. मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. या साखळीतील डॉक्टर घडवणारे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून वानवडीत आहे.