सर्वंकष हुकूमशाही

सर्वंकष हुकूमशाही : एका व्यक्तीची किंवा एका पक्षाची सत्ता शासनापुरती न थांबता शाळा, वृत्तपत्रे, कामगार संघटना, घर आणि माणसाची मते यांवरही ताबा सांगू लागते, त्या राज्यव्यवस्थेला हे नाव आहे. साध्या हुकूमशहाला प्रजा गप्प बसली तरी पुरते. येथे मात्र गप्प बसणाराही संशयित ठरतो. त्याने मोर्च्यात चालावे, झेंडा लावावा, टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते.

‘डिक्टेटर’ हे मूळचे रोमन प्रजासत्ताकातले कायदेशीर पद. संकटकाळी एकाच माणसाच्या हाती अधिकार द्यायचे, तेही जास्तीत जास्त सहा महिने. रोमन सेनापती सुल्लाने इ. स. पू. ८२ मध्ये ही मुदतच उडवून लावली आणि इ. स. पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. ‘सर्वंकष’ या अर्थाचा इटालियन शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. जोव्हान्नी आमेन्दोला या विरोधी नेत्याने १९२३ मध्ये फॅसिस्टांवर टीका करताना तो वापरला. दोनच वर्षांत फॅसिस्टांचा नेता मुसोलिनी तो बिरुदासारखा मिरवू लागला.

अशा राजवटी कशा येतात याविषयी बोलताना ‘सत्ता बळकावली’ हा शब्दप्रयोग सर्रास होतो. तो अर्धाच खरा आहे. युरोपातील दोन्ही गाजलेल्या उदाहरणांत सत्तेची पहिली किल्ली आधीच्या सत्ताधाऱ्यांनीच हाती दिली होती. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनीचे काळे शर्टवाले रोमच्या वेशीवर जमले तेव्हा ते पावसात भिजलेले होते आणि अनेकांकडे धड शस्त्रेही नव्हती. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून राजापुढे ठेवला. व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याने सही नाकारली. ‘रोमवरील मोर्चा’चा नेता त्या वेळी दूर मिलानमध्ये बसून होता, बोलावणे आल्यावर तो रात्रीच्या रेल्वेने रोमला आला आणि पंतप्रधान झाला. ५३५ जणांच्या सभागृहात त्याचे खासदार होते अवघे ३५. पुढच्याच वर्षी संसदेने आचेर्बो कायदा संमत केला : सर्वाधिक मते मिळवणाऱ्या यादीला, ती २५ टक्के असली तरी, दोन तृतीयांश जागा. १९२४ च्या निवडणुकीतील दहशत आणि गैरप्रकार संसदेत मांडणारे समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा त्याच जूनमध्ये खून झाला. सरकार काही महिने डळमळले, पण विरोधक सभागृहावर बहिष्कार टाकून बसले आणि राजा पुन्हा स्वस्थ राहिला.

जर्मनीत हिटलरचा १९२३ चा म्यूनिकमधील उठाव फसला आणि तो तुरुंगात गेला. बाहेर आल्यावर त्याने मतपेटीचा रस्ता धरला. १९२८ मध्ये त्याच्या पक्षाला २.६ टक्के मते होती. मग महामंदी आली, १९३२ मध्ये बेकारांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली आणि त्या जुलैत नाझी पक्षाने २३० जागा जिंकल्या. मात्र नोव्हेंबरमध्ये पुन्हा निवडणूक झाली तेव्हा त्या १९६ वर घसरल्या होत्या, ही गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. लाट ओसरू लागली असतानाच माजी चॅन्सेलर पापेन आणि त्यांच्या पुराणमतवादी मंडळींनी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे मन वळवले आणि ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. मंत्रिमंडळात त्याच्यासह नाझी फक्त तीन. आपण याला कामावर ठेवून घेतले आहे, अशाच समजुतीत पापेन होते.

पुढचे सारे आठ आठवड्यांत उरकले. २७ फेब्रुवारीच्या रात्री संसद भवन जळाले. दुसऱ्याच दिवशी राज्यघटनेच्या ४८ व्या कलमाखाली वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, टपालाची गुप्तता असे हक्क ‘तूर्तास’ स्थगित झाले. राजवट संपेपर्यंत ते तसेच राहिले. इमारत जळाल्याने २३ मार्चला संसद क्रोल ऑपेरागृहात भरली. सभागृहात आणि बाहेर तपकिरी गणवेशातले स्वयंसेवक घोषणा देत उभे होते. ८१ कम्युनिस्ट सदस्यांना येऊच दिले नव्हते. समाजवादी पक्षाचे १२० पैकी २६ जण तुरुंगात होते, परागंदा झाले होते किंवा येऊ शकले नव्हते. संसदेचे कायदे करण्याचे काम चार वर्षांसाठी सरकारकडे देणारे पाच कलमांचे विधेयक पुढे होते. समाजवादी पक्षाचे नेते ओटो वेल्स एकटे विरोधात बोलले. मते पडली ४४४ विरुद्ध ९४. कॅथलिक सेंटर पक्षाने तोंडी आश्वासनांवर विसंबून बाजूने मत दिले आणि जुलै उजाडता उजाडता त्याला स्वतःच विसर्जित व्हावे लागले. जर्मन प्रजासत्ताकाची ही वायमार राज्यघटना रीतसर रद्द मात्र कधीच झाली नाही.

सत्ता हाती येणे आणि ती सर्वंकष होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीत लक्ष्य असते ते राज्य आणि व्यक्ती यांच्यामधल्या सगळ्या संस्थांचे. १ मे १९३३ हा कामगार दिन हिटलरने पगारी राष्ट्रीय सुट्टी म्हणून थाटात साजरा करवला. २ मे रोजी सकाळी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढारी पकडले. वकील, शिक्षक, पत्रकार यांच्या संघटना, अगदी गायनमंडळेसुद्धा पक्षाच्या चौकटीत बसवली गेली. जुलैत नाझी पक्ष हा एकमेव कायदेशीर पक्ष झाला. यात सक्ती होती तशी हौसही होती : जागा रिकाम्या होत होत्या आणि त्या भरायला माणसे रांगेत होती.

सोव्हिएत संघात स्टालिनचा मार्ग वेगळा. क्रांती आधीच झालेली होती, पक्ष एकच होता. १९२२ मध्ये त्याला सरचिटणीस हे कारकुनी वाटणारे पद मिळाले आणि नेमणुका हाती आल्या. ज्यांना तो नेमी, तेच अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवीत आणि ते त्याच्या बाजूने हात वर करीत. प्रतिस्पर्धी ट्रॉट्स्कीला बाजूला सारण्यासाठी झिनोव्हिएव्ह व कामेनेव्ह या पक्षनेत्यांनी त्याला साथ दिली. १९३६ मध्ये दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षीच्या सोव्हिएत राज्यघटनेत भाषणस्वातंत्र्याचे कलम होते. १९३७ च्या जुलैतील ००४४७ क्रमांकाच्या गुप्त आदेशात प्रत्येक प्रांतात किती जणांना मारायचे आणि किती जणांना छावण्यांत पाठवायचे, याचे आकडेच ठरवून दिलेले होते.

दहशतीचा रोख नेहमी शत्रूवरच असतो असे नाही. बगदादमध्ये २२ जुलै १९७९ रोजी, अध्यक्ष होऊन आठवडाही झाला नसताना, सद्दाम हुसेनने बाथ पक्षाच्या नेत्यांची सभा बोलावली. कटाचा ‘कबुलीजबाब’ वाचला गेला, मग एकेक नाव पुकारले जाऊ लागले. नाव येईल त्याला पहारेकरी बाहेर नेत. सद्दाम सिगार ओढत बसला होता. उरलेले घाबरून त्याच्या नावाच्या घोषणा देऊ लागले. नंतर सुटलेल्यांपैकीच काहींना गोळ्या झाडणाऱ्या पथकात उभे केले. हे सारे चित्रित करून त्याच्या फिती पक्षात वाटल्या गेल्या. एकदा हात असे रंगले की परतीची वाट उरत नाही.

पाळत मात्र केवळ पोलिसांच्या संख्येवर चालत नाही. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिस यंत्रणेकडे १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी कर्मचारी होते आणि त्यांच्या दुपटीएवढे खबरे. देशाची लोकसंख्या साधारण १ कोटी ६० लाख. त्या मानाने गेस्टापो या नाझी गुप्त पोलिस यंत्रणेची माणसे थोडी होती. तिच्याकडे अनेक प्रकरणे शेजाऱ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या चुगल्यांतूनच येत.

‘सर्वंकष’ ही संज्ञा कोणाला लावावी यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. समाजशास्त्रज्ञ हुआन लिन्झ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनला वेगळ्या, ‘अधिकारशाही’ वर्गात घातले, कारण तेथे मर्यादित प्रमाणात का होईना, वेगवेगळ्या गटांना जागा होती. हा निकष लावला तर ज्या इटलीने हा शब्द मिरवला तिलाच तो नीट बसत नाही. जर्मनीत हिंडेनबर्ग यांच्या मृत्यूनंतर, २ ऑगस्ट १९३४ रोजी, राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर ही दोन्ही पदे एक झाली आणि सैन्याने हिटलरच्या नावाने शपथ घेतली. त्याला पदावरून दूर करू शकेल असा कोणी वर उरला नाही. इटलीत चर्च टिकले, आणि राजाही. २५ जुलै १९४३ च्या पहाटे फॅसिस्ट महापरिषदेने १९ जणांच्या बहुमताने मुसोलिनीविरुद्ध ठराव केला. त्याच दुपारी, एकवीस वर्षांपूर्वी सही नाकारणाऱ्या त्याच राजाने त्याला पदच्युत केल्याचे सांगितले. भेट आटोपून तो बाहेर पडला तेव्हा पोलिसांनी त्याला एका रुग्णवाहिकेत बसवून नेले.