लोहाची गोळी इथे उपयोगाची नाही

हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरचे उपचार सुरू होऊन तीन आठवडे झालेले असतात. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट येतो आणि हिमोग्लोबिन तेरावरून साडेदहावर आलेलं दिसतं. घरात लगेच धावपळ सुरू होते. बीट आणा, खजूर आणा, हळिवाचे लाडू करा, भाजी लोखंडी कढईतच परता. कुणीतरी मेडिकलमधून लोहाचं टॉनिकही घेऊन येतं.

यात त्या घरच्यांचं काही चुकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता आणि त्यातला मोठा भाग लोहाच्या कमतरतेचा असतो. त्यामुळे रक्त कमी झालं की लोह द्यायचं, हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण हिपॅटायटिस सीच्या काही उपचारांत जो रक्तक्षय होतो, त्याचं मूळ ताटात नसतं, ते औषधाच्या कॅप्सूलमध्ये असतं. शरीरातलं लोह कमी झालेलंच नसतं. तांबड्या पेशी वेळेआधी मोडीत निघत असतात आणि त्यांच्यातलं लोह शरीरातच राहतं.

हे औषध म्हणजे रिबाविरिन. ते १९७० साली अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार झालं, तेव्हा हिपॅटायटिस सीचा विषाणू कुणाला ठाऊकही नव्हता. पुढेही बरीच वर्षं रक्त चढवल्यावर होणाऱ्या एका काविळीला 'ए नाही, बी नाही' असं म्हणून डॉक्टर वेळ मारून नेत होते. विषाणूची ओळख पटली १९८९ मध्ये. हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना या विषाणूवरच्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं. १९९८ पासून इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या प्रथिनाची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या कॅप्सूल ही जोडी अमेरिकेत रीतसर वापरात आली, आणि तिच्याबरोबर हा रक्तक्षयही आला.

रिबाविरिनची रचना ग्वानोसिन या नैसर्गिक रेणूशी मिळतीजुळती असते. या साधर्म्यामुळे पेशीच्या आवरणातली वाहक प्रथिनं त्याला बिनदिक्कत आत घेतात. आत गेल्यावर पेशीतली विकरं (एन्झाइम्स) त्याला फॉस्फेटचे एक, दोन, तीन गट जोडतात. फॉस्फेट जोडलेला रेणू विद्युतभारित असतो, त्याला पेशीचं आवरण ओलांडता येत नाही. इतर बहुतेक पेशींकडे हे फॉस्फेट पुन्हा काढून टाकण्याची सोय असते, त्यामुळे औषध आलं तसं बाहेर पडतं. तांबड्या पेशीला मात्र केंद्रकच नाही आणि हे काम करणारी विकरंही नाहीत. तिथे रिबाविरिनचा अभिमन्यू होतो. फरक इतकाच, की या गोष्टीत आत अडकलेला मरत नाही, कोसळतो तो व्यूह.

परिणामी तांबड्या पेशीतलं औषधाचं प्रमाण रक्तद्रवातल्या प्रमाणाच्या सुमारे साठपट होतं. या साठ्यामुळे पेशीचं ऊर्जेचं चलन, म्हणजे एटीपी, घटतं. ऑक्सिडीकरणाला तोंड देण्याची ताकद कमी होते आणि आवरणाला इजा होते. अशा पेशी प्लीहेतल्या भक्षक पेशी हेरतात आणि गिळून टाकतात. तांबड्या पेशीचं नेहमीचं आयुष्य १२० दिवसांचं असतं, या पेशी त्याच्या बऱ्याच आधी संपतात. एरवी अशी तूट झाली की रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा कामाचा वेग वाढवते. पण जुन्या उपचारात सोबत इंटरफेरॉन असायचं आणि ते अस्थिमज्जेलाच दाबून ठेवायचं. जमा थांबली आणि खर्च वाढला, त्यामुळे पहिल्या चार आठवड्यांत हिमोग्लोबिन सरासरी दोन ते तीन ग्रॅमने उतरायचं.

मोडलेल्या पेशीतल्या लोहाचं काय होतं? ते वाया जात नाही. काही नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेकडे जातं, उरलेलं मुख्यतः यकृतात साठतं. हिपॅटायटिस सी असलेल्या यकृतात आधीच लोह जास्त असण्याची शक्यता असते, कारण हा विषाणू हेप्सिडिन या संप्रेरकाला दाबतो आणि हेप्सिडिन कमी झालं की आतडं अन्नातून जास्त लोह शोषतं. आजारी यकृतात जादा लोह म्हणजे आगीत तेल. म्हणून फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तपासल्याशिवाय लोहाची गोळी घेऊ नये. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईला किंवा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून रक्त गेलेल्या रुग्णाला खरोखरच लोह कमी पडलेलं असू शकतं, त्याला ते द्यायलाच हवं. पण ते तपासणीनंतर आणि डॉक्टरांनी ठरवल्यावर. खजूर-बीट जेवणात असायला माझी हरकत नाही. त्यांच्यामुळे हा आकडा वर येईल एवढी अपेक्षा मात्र ठेवू नये.

याच पेशी-मोडीमुळे आणखी एक घाबरवणारी गोष्ट घडते. हिमोग्लोबिन मोडलं की त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं, त्यामुळे डोळे किंचित पिवळे दिसू लागतात. काविळीवर औषध घेतोय आणि कावीळ वाढतेय, असं वाटून काही रुग्ण उपचार सोडतात. रिपोर्टमध्ये इनडायरेक्ट (यकृताने अजून प्रक्रिया न केलेलं) बिलिरुबिन वाढलेलं असेल आणि यकृताची विकरं सुधारत असतील, तर हा पिवळेपणा बहुधा पेशींच्या मोडीचा असतो. सिरोसिस झालेल्या, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण झालेल्या, रुग्णात मात्र यकृत खरंच बिघडत असण्याची शक्यताही असते. त्यामुळे निकाल घरी लावू नये.

मग करायचं काय? पंचवीस वर्षांत डॉक्टरांचं या बाबतीतलं मत फिरलं, आणि ते कसं फिरलं हे पाहण्यासारखं आहे. २००२ मध्ये एका विश्लेषणातून असं पुढे आलं, की ज्यांनी ठरलेल्या मात्रेच्या किमान ८० टक्के औषध किमान ८० टक्के काळ घेतलं, त्यांच्यात बरे होण्याचं प्रमाण जास्त होतं. झालं, रिबाविरिन कमी करायचं नाही असा जणू दंडकच पडला. मग रक्त वर कसं ठेवायचं? त्यासाठी एरिथ्रोपोएटिन आलं, मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतात तेच इंजेक्शन, अस्थिमज्जेला जास्त पेशी बनवायला लावणारं. आठवड्याला ४०,००० युनिट. २००४ मधल्या एका चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या ८८ टक्के रुग्णांना रिबाविरिनची मात्रा टिकवता आली, नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन, मिळालेल्यांत ६० टक्क्यांना. पण हे इंजेक्शन महाग, शिवाय रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारं.

पुढे आयडियल नावाच्या मोठ्या अमेरिकी चाचणीची आकडेवारी तपासताना उलटंच चित्र दिसलं. ज्यांचं हिमोग्लोबिन तीन ग्रॅमहून जास्त उतरलं, त्यांच्यापैकी सुमारे ४४ टक्के बरे झाले. ज्यांचं तेवढं उतरलं नाही, त्यांच्यापैकी ३० टक्के. म्हणजे रक्तक्षय हा उपचार फसल्याचा पुरावा नव्हताच, औषध अंगात पुरेसं पोचल्याची ती खूण असावी. २०११ मध्ये बोसेप्रेविर आणि टेलाप्रेविर ही नवी औषधं त्या जोडीला जोडली गेली आणि रक्तक्षय आणखी वाढला. तेव्हा एका चाचणीत सरळ सामना लावला गेला. रक्तक्षय झालेल्या रुग्णांपैकी निम्म्यांची रिबाविरिनची मात्रा कमी केली, निम्म्यांना एरिथ्रोपोएटिन दिलं. दोन्ही गटांत सुमारे ७१ टक्के बरे झाले. इतकी वर्षं महागड्या इंजेक्शनांवर झालेला खर्च आठवून कुणालाही चुटपुट लागावी असा हा निकाल आहे.

कुणाचं रक्त किती उतरणार, हे काही अंशी जन्मतःच ठरलेलं असतं. २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की विसाव्या गुणसूत्रावरच्या आयटीपीए या जनुकात ठरावीक बदल असलेल्यांना रिबाविरिनचा रक्तक्षय फारसा होत नाही. या जनुकाचं विकर त्यांच्यात कमी काम करतं, एरवी त्याचा त्यांना त्रासही नसतो. ही एक जन्मजात उणीव, आणि ती या एका औषधापुरती कवच ठरते. रोजच्या व्यवहारात मात्र ही चाचणी कुणी करत नाही, सीबीसी स्वस्त आहे आणि तेवढं पुरतं.

आज चित्र बदललं आहे. २०१३ च्या शेवटी अमेरिकेत सोफोसबुविर या विषाणूवर थेट काम करणाऱ्या गोळीला मंजुरी मिळाली. पुढच्या दोन वर्षांत भारतीय कंपन्यांनी परवान्याखाली ते स्वस्तात बनवायला घेतलं. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. सिरोसिस नसेल तर सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, यकृत अजून तग धरून असलेला सिरोसिस असेल तर सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर, बहुतेकांना बारा आठवडे. यात ना इंटरफेरॉन ना रिबाविरिन, त्यामुळे हा रक्तक्षयही नाही. या गोळ्या घेताना हिमोग्लोबिन उतरलं, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

रिबाविरिन आता उरलं आहे ते प्रामुख्याने ज्यांचं यकृत हरत चाललं आहे त्यांच्यासाठी. पोटात पाणी झालेलं, शुद्ध हरपण्याचे झटके येऊन गेलेले असे रुग्ण. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्ट्रल-४ या चाचणीत अशा रुग्णांना सोफोसबुविर-वेल्पाटासविर बारा आठवडे दिल्यावर ८३ टक्के विषाणूमुक्त झाले. सोबत रिबाविरिन दिल्यावर ९४ टक्के. रिबाविरिन घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना रक्तक्षय झाला. खरी अडचण हीच आहे, ज्यांना हे औषध सर्वांत जास्त हवं तेच ते सोसायला सर्वांत कमी सक्षम. त्यांची प्लीहा आधीच वाढलेली असते, शिरांतून रक्त झिरपत असतं, हिमोग्लोबिन सुरुवातीलाच दहा-अकरा असतं. त्यातून अडीच ग्रॅम वजा करून पाहा.

म्हणून अशा रुग्णांत पूर्ण मात्रेने सुरुवात न करता बरेच डॉक्टर रोज ६०० मिलिग्रॅमपासून, म्हणजे २०० च्या तीन कॅप्सूलपासून सुरुवात करतात आणि सोसेल तसं वाढवतात. पूर्ण मात्रा वजनावर ठरते: ७५ किलोच्या आत १,००० मिलिग्रॅम, त्यावर १,२००. सीबीसी दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याला, पुढे दर महिन्याला. नाजूक रुग्णात आणखी लवकर. हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं तर मात्रा ६०० वर आणतात, साडेआठच्या खाली गेलं तर रिबाविरिन थांबवतात. हृदयविकार असेल तर नियम जास्त कडक आहे. चार आठवड्यांत दोन ग्रॅमची घसरण झाली की मात्रा कमी, आणि कमी मात्रेवर चार आठवडे काढूनही आकडा १२ च्या आत राहिला तर औषध बंद. रिबाविरिन झेपतच नसेल तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर बाराऐवजी चोवीस आठवडे देण्याचा मार्ग उपलब्ध आहे. थांबवायचं ते रिबाविरिन, आणि तेही डॉक्टरांनी. घाबरून सगळ्याच गोळ्या बंद केल्या तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो.

मात्रा कमी केल्यावर दोन-तीन दिवसांत आकडा सुधारेल, अशी आशा धरू नये. तांबड्या पेशीत अडकलेलं औषध निम्मं व्हायला सुमारे ४० दिवस लागतात. या काळात जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधड, उठताना चक्कर हे होतं. बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अगदीच गरज पडली तर रक्त चढवतात.

काहींना रिबाविरिन देतच नाहीत. सिकलसेल आणि थॅलेसेमिया मेजर हे त्यातले मुख्य. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथल्या रुग्णाने किंवा ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी ही माहिती आपणहून डॉक्टरांना सांगावी. थॅलेसेमियाच्या मुलांमध्ये तर हिपॅटायटिस सी बऱ्याचदा वारंवार चढवलेल्या रक्तातूनच आलेला असतो. मूत्रपिंड कमजोर असेल तर रिबाविरिन शरीरात साचतं आणि डायलिसिसनेही ते फारसं निघत नाही. एचआयव्हीवरचं झिडोव्हुडिन किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर रक्तावरचा परिणाम दुप्पट जाचक होतो. आणि गर्भाला या औषधाने गंभीर व्यंग येऊ शकतं. उपचारात आणि नंतरही कित्येक महिने गर्भधारणा टाळावी लागते, औषध नवरा घेत असला तरीही.

मधुमेह्यांसाठी एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी एचबीएवनसी चाचणी करतात, ती तांबडी पेशी पुरेशी जगेल असं गृहीत धरते. पेशी लवकर मरत असतील तर आकडा खोटा कमी येतो. साडेआठवरून साडेसहावर आली म्हणून खूश होऊन गोळ्या कमी केल्या, असं होऊ शकतं. उपचार चालू असेपर्यंत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच खरी मानावी.

औषध संपल्यावर हिमोग्लोबिन बहुतेकांत चार ते आठ आठवड्यांत पूर्वपदावर येतं. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनी विषाणू गेला की नाही हे पाहायला रक्त देतात, त्याच वेळी सीबीसीही करून घ्यावी. तेव्हाही हिमोग्लोबिन खालीच असेल तर त्याचा दोष रिबाविरिनला देता येत नाही. फेरिटिन, बी-१२, फोलेट तपासावं, आणि सिरोसिस असलेल्याने एण्डोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या शिरा पाहून घ्याव्यात.