हार्प योजना: घर स्वस्त, कर्ज महाग

2006 नंतर अमेरिकेत घरांचे भाव कोसळले आणि हप्ते वेळेवर भरणारी लाखो कुटुंबं कोंडीत सापडली. व्याजदर उतरले होते, पण घराची किंमत शिल्लक कर्जाच्याही खाली गेलेली. जुनं कर्ज फेडून स्वस्त कर्ज घ्यावं (आपल्याकडे बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात तसं), तर तारण पुरेना. यावर उपाय म्हणून आलेली सरकारी योजना म्हणजे हार्प (होम अफोर्डेबल रिफायनान्स प्रोग्राम).

2,00,000 डॉलर, साडेसहा टक्के, 30 वर्षं: हप्ता सुमारे 1,264 डॉलर. चार टक्क्यांनी 955. महिन्याला 309 डॉलर वाचतात. पण घराचा भाव 1,50,000 वर आला असेल, तर कर्ज किमतीच्या 133 टक्के भरतं. किमतीच्या 80 टक्क्यांवरचं कर्ज, ते बुडाल्यास भरपाई देणारा विमा किंवा तशीच हमी असल्याशिवाय, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांना घेता येत नसे, आणि किमतीपेक्षा कर्ज जास्त असलेल्या घराला असा विमा मिळत नव्हता.

सप्टेंबर 2008 मध्ये या दोन्ही संस्था सरकारी नियंत्रणाखाली आल्या. जुन्या कर्जांची जोखीम आधीच त्यांच्या अंगावर होती. हप्ता उतरला तर ती कमीच होणार. याच हिशेबावर मार्च 2009 मध्ये हार्प जाहीर झाली. कर्ज 31 मे 2009 पर्यंत यांच्याकडे आलेलं हवं आणि हप्ते वेळेवर भरलेले हवेत. कर्जाची मर्यादा किमतीच्या 105 टक्के, त्याच उन्हाळ्यात 125. वरचं 133 टक्क्यांचं घर तरीही बाहेरच. लास वेगास, फिनिक्ससारख्या शहरांत, जिथे पडझड सर्वांत मोठी, तिथेच योजना तोकडी पडली.

अंदाज 40 ते 50 लाख कुटुंबांचा होता; ऑगस्ट 2011 अखेर आकडा 9 लाखांच्या आसपास. आमच्या मते खरी अडचण मर्यादेपेक्षाही हमीपत्राची होती. कर्ज विकताना बँक उत्पन्न, मूल्यांकन, कागदपत्रं बरोबर असल्याची हमी देते. कर्ज थकलं आणि चूक सापडली, तर ते तिलाच परत घ्यावं लागतं. त्या काळात अशा परतीच्या मागण्या वाढत होत्या, मग दुसऱ्या बँकेच्या ग्राहकाची जुनी जोखीम कोण अंगावर घेणार? घरावर दुसरं कर्ज असेल, तर ते देणारी बँक नव्या कर्जामागे दुसऱ्याच क्रमांकावर राहायला लेखी कबूल व्हावी लागे. ते पत्र अडलं की फाइल तिथेच थांबे.

ऑक्टोबर 2011 च्या दुरुस्तीत 125 ची मर्यादा गेली, हमीची बरीचशी जबाबदारी उतरवली, शुल्कं घटवली आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्यक्ष मूल्यांकनाऐवजी संगणकी अंदाज चालू लागला. एकट्या 2012 मध्ये सुमारे 11 लाख कर्जं बदलली. 31 डिसेंबर 2018 ला योजना संपली, तोवर 34 लाखांहून अधिक.

गठ्ठे करून खासगी गुंतवणूकदारांना विकलेली कर्जं मात्र शेवटपर्यंत बाहेर राहिली. ओबामांनी 2012 मध्ये त्यांच्यासाठी मांडलेला प्रस्ताव अमेरिकी संसदेत (काँग्रेसमध्ये) पुढे सरकला नाही. हप्ता घेणारी बँक एक आणि कर्जाचा मालक दुसराच, हे अनेकांना अर्ज भरेपर्यंत ठाऊकच नसे. म्हणून तेव्हा पहिलं काम एकच असे: फॅनी आणि फ्रेडीच्या शोधपानांवर पत्ता टाकून आपलं कर्ज कोणाकडे आहे ते पाहणं.